गावाला जाऊन आलेला डबा

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भाकरी येत नाही. ते थापतात, पण ती मधे कच्ची राहते आणि कडेला करपते. तीच मिरचीच्या ठेच्याबरोबर खाऊन वर फोनवर सांगतात की आज लई झकास झालती. आई गेल्यापासून हेच चाललं होतं. भाऊ पुण्याला कंपनीत, एका खोलीत चौघं जण राहतात, तो त्यांना नेणार कुठं? मी बीडला. आम्हा दोघांनाही आबांचं उत्तर एकच असायचं, की शेळ्यांकडं कोण बघणार. शेळ्या आठ. त्यातल्या दोघी तर आबांपेक्षा हट्टी.

मला राग पटकन येतो. तो आबांकडूनच आलाय, फक्त त्यांचा आतल्या आत मुरतो आणि माझा तोंडावाटे बाहेर पडतो. आईच्या वर्षश्राद्धाला गावी गेले तेव्हा दुरडीत वाळून कडक झालेल्या भाकरी दिसल्या, आणि मी तिथंच चुलीपुढं उभी राहून जाहीर केलं की उद्यापासून माझ्याकडून डबा येईल. आबा म्हणाले, न्हाई, लेकीच्या घरचं मी खात नसतो.

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडं लेकीचं लग्न झालं की तिला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. काहीजण पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि आबा त्या काहीजणांपैकी. नातवंड झालं की सगळं मोकळं होतं, मग हाच बाप लेकीकडं आठ-आठ दिवस येऊन राहतो. मला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, आणि एके दिवशी मी आणि आमच्या ह्यांनी बसून ठरवलं की आता पुरे. ते दुःख आम्ही दोघांनी वाटून घेतलं आणि त्यातून हळूहळू बाहेरही आलो. पण आबांचं पाणी तिथंच अडकून राहिलं. आमच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा ते आले, अंगणात खुर्चीवर बसले, घराकडं कौतुकानं बघत राहिले, आणि तहान लागली तेव्हा पिशवीतून स्वतःची बाटली काढून प्याले. मी खिडकीतून बघत होते. त्यांच्या मनात माझ्याबद्दल वाकडं काही नाही हे मला कळत होतं. तरी मला ते फार लागलं, आणि दरवेळी लागायचं.

तर त्या दिवशी चुलीपुढं मी डोकं लढवलं. म्हटलं, डबा तुमच्या घरी येणार, तुमच्या घरात बसून तुम्ही खाणार, यात माझ्या घरी जेवणं कुठं आलं? आबा बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कायदा बघत असावेत. मग म्हणाले, येऊ दे.

आमचं गाव बीड-वडवणी रस्त्यावरच्या फाट्यापासून बरंच आत आहे. पूर्वी एसटीची गाडी थेट गावात यायची. मी बीडला डी.एड.ला असताना आई पहाटे उठून डबा करायची आणि आबा तो गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी नेऊन ठेवायचे. शिकणाऱ्या लेकरांचे डबे गाडीनं पाठवायचे, ही आमच्या भागातली रीतच आहे. बीडच्या स्टँडवर गाडी लागली की आम्ही खेड्यापाड्यातल्या पोरी खिडकीशी गर्दी करून आपापला डबा ओळखून उचलायचो. माझा डबा तीन पुडाचा, झाकणाला पोचा आलेला. लग्नात इतर भांड्यांबरोबर तोही माझ्याकडं आला होता. तोच आता उलटा गावाला जायला लागला.

फक्त मधल्या काळात गाडी गावात यायची बंद झाली होती. रस्ता उखडला, दोन्ही बाजूंच्या बाभळी आत वाकल्या, पोरांनी मोटारसायकली घेतल्या, आणि गाडी फाट्यावरूनच पुढं वडवणीला जाऊ लागली. डबा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर उतरायचा आणि आबा शेळ्या चारत चारत तिथवर जाऊन तो आणायचे. पावसाळ्यात एकदा चिखलात त्यांचा पाय मुरगळला. ते फाट्यावर गेलेच नाहीत, आणि मला कळवलंही नाही. नेमकी टपरीही बंद होती. डबा वडवणीला जाऊन दुसऱ्या दिवशी माझ्याकडं परत आला. उघडला तर वरण आंबलेलं. मी तो डबा घासला नाही. तसाच पिशवीत घातला आणि एसटी डेपोत मॅनेजर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

साहेब माणूस चांगला. त्यांनी आधी झाकण लावायला सांगितलं आणि मग बसायला. माझं सगळं ऐकून घेतलं, त्यात दोन-चार वाक्यं ऐकून घेण्यासारखी नव्हती तीही घेतली. मग म्हणाले की गाडी सोडायला माझी ना नाही, पण बाभळी काचा फोडतात आणि गावात गाडी वळवायला जागा नाही. तेवढं गावानं करून द्यावं. मी गावात फोन लावला. आमच्या गावात कुठल्याही दोन गोष्टींवर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही, पण या गोष्टीवर झालं. माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली, खड्ड्यांत मुरूम पडला. वळायची जागा मारुतीच्या देवळापुढं निघाली, तिथं एकाचा उकिरडा होता. तो हलवायला त्या गृहस्थाच्या इतक्या विनवण्या कराव्या लागल्या की त्याच्या मुलाच्या लग्नातही कुणी त्याच्या एवढ्या केल्या नसतील.

गाडी सुरू झाली. आबांनी फोनवर सांगितलं की म्हाताऱ्यांनी गाडीला हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि ड्रायव्हरला फेटा बांधला तो त्याच्या डोळ्यांवर आला. आता सकाळी गाडी बीडहून निघून गावात यायची, तशीच वळून दुपारपर्यंत बीडला, मग तिसऱ्या प्रहरी पुन्हा गावाला, आणि संध्याकाळी परत. माझी शाळा सकाळची, दुपारी सुटते; तिथं शिकवायला जाताना मी डबा गाडीत द्यायचे आणि संध्याकाळी आमचे हे मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून येताना स्टँडवरून रिकामा डबा आणायचे. रिकामा म्हणजे आबांच्या भाषेत रिकामा. भांडं मोकळं परत करायचं नाही, म्हणून त्यात कधी चिंचा असायच्या, कधी हरभऱ्याचा पाला, कधी बोरं. एकदा नुसतीच कडीपत्त्याची एक काडी होती. त्या दिवशी त्यांना काही मिळालं नसावं.

पण साहेबांनी गाडी कायमची दिली नव्हती. उन्हाळ्यापर्यंत बघू, रिकामी धावली तर बंद करावी लागेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि ती सुरू झाली नेमकी दिवाळीनंतर. दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. मागं राहतात ती म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि कुत्री. यातलं बीडला जायचं कुणाला? पहिल्या पंधरवड्यातच गाडी मोकळी येऊन मोकळी जायला लागली.

तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी पारावर बसून एक तोड काढली. आमच्याकडं सगळं पाळीनं चालतं. रानाला पाणी पाळीनं, ज्वारीची राखण पाळीनं, मारुतीपुढचा दिवा पाळीनं. तशी गाडीत बसायचीही पाळी लावली. रोज दोघांनी गाडीत बसून बीडला जायचं आणि दुसऱ्या फेरीनं परत यायचं. बीडला काम काय? काही नाही. जायचं, बसायचं, यायचं. पहिल्याच दिवशी घोळ झाला. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट फुकट, त्यामुळं म्हाताऱ्यांची समजूत अशी की फुकटातलं माणूस साहेब धरत नसतील. ते पुरं तिकीट द्या म्हणून हटून बसले. कंडक्टरबाईंनी मशीन पुढं करून आपल्या लेकराची शपथ घेतली की शून्याचं तिकीट निघालं तरी माणूस मोजलं जातं, तेव्हा कुठं गाडी हलली.

हे सगळं मला गावाकडच्या, आबांच्या शेजारच्या मावशींनी फोनवर सांगितलं आणि मी पोट धरून हसले. रात्री ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, पिकाची राखण ऐकली होती, गाडीची राखण पहिल्यांदाच ऐकतोय. मावशींच्या त्या गोष्टीत आबांचं नाव नव्हतं. मीही विचारलं नाही. शेळ्या सोडून ते बीडला येतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एके दिवशी सकाळी डबा देताना कंडक्टरबाई म्हणाल्या, "ताई, हा कशाला एवढा गावाला पाठवता? काकांना इथंच हातात द्या की."

मला काही कळेना. त्यांनी मग नीट सांगितलं. डबा गावात पोचतो. आबा तो घेतात, त्याच गाडीत चढतात, डबा मांडीवर धरून बीडला परत येतात आणि स्टँडवर शेवटच्या बाकड्यावर बसून जेवतात. दुपारच्या गाडीनं गावाला जातात. एक दिवसाआड तरी येतातच. ज्याला जमत नाही त्याची पाळी काकाच घेतात, शेळ्या तेवढ्यापुरत्या मावशींकडं असतात. कंडक्टरबाईंना वाटत होतं की मला हे ठाऊक आहे, आणि बापलेकीत काहीतरी बिनसलंय.

माझं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत आहे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते मला ओट्याशी उभं राहून ऐकू येतं. म्हणजे किती वेळा मी इथं भांडी घासत असताना माझा बाप तिथं बाकड्यावर बसून माझीच भाकरी खात होता. सकाळी मी बांधून दिलेली भाकरी गावापर्यंत जायची, तिथून परत यायची, आणि माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर खाल्ली जायची. मला इतका राग आला की त्या दिवशी वर्गात मी बिचाऱ्या पोरांना पाढ्यांवरून फैलावर घेतलं. शाळा सुटल्यावर तडक स्टँडवर गेले.

आबा बसले होते. पायताण काढून पाय वर घेतलेले, शेजारी धुतलेला रुमाल पसरून त्यावर डब्याचे तिन्ही पूड मांडलेले. घरी ताटापुढं बसावं तसे नीट बसले होते. मला बघून त्यांचा घास हातातच राहिला.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. घर एवढं जवळ आणि तुम्ही इथं धुळीत बसता, लोक मला काय म्हणतील, मी मेले होते का, असलं सगळं. शेजारच्या बाकड्यावरची बाई आपलं बोचकं घेऊन उठून गेली. आबांनी मला थांबवलं नाही. माझा दम संपल्यावर म्हणाले, "घरी आलो की तू जेवा म्हणणार. मी न्हाई म्हणणार. तुझं तोंड उतरणार. ते मला बघवत न्हाई, बाई. त्याच्यापक्षी न्हाई आलेलं बरं."

"आन् हे खाताय ते कुणाच्या घरचं हाय?"

"डबा गावाला आलता. गावात माझ्या हातात पडला. तितून मी घेऊन निघालो. आता हा माझ्या घरचा डबा हाय."

इतक्या रागातही मला हसू फुटलं. चुलीपुढं मी जो कायदा काढला होता, तो त्यांनी जपून वापरला होता. मी विचारलं की मग यायचंच कशाला, गावात एवढी माणसं आहेत, दुसरं कुणी बसेल गाडीत. आबांनी हातातला घास खाली ठेवला.

"गाडी मोकळी गेली तर बंद करत्यात. मग तुझा डबा कसा यायचा?"

 मला रडू येत होतं आणि स्टँडवर रडायचं नव्हतं. आबांनी रुमालाची एक बाजू मोकळी केली आणि हातानं बाकडं पुसलं. म्हणाले, "बस. हे काय तुझं घर न्हाई, का माझं न्हाई. सरकारची जागा हाय. दोन घास खा माझ्यासंगं."

मी बसले. लग्नानंतर पहिल्यांदा आबा आणि मी एका डब्यात जेवलो. भाकरी प्रवासानं वाकडी झाली होती, मेथीची भाजी गार होती. माझ्या पिशवीत शाळेतली पाण्याची बाटली होती, ती मी पुढं केली. आबांनी मान हलवली आणि स्वतःच्या बाटलीतून प्याले. मी ती परत पिशवीत ठेवली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

त्यानंतर हिवाळाभर आमचं हेच ठरून गेलं. पाळी असली की आदल्या दिवशी मावशींचा फोन यायचा. मी शाळेतून थेट स्टँडवर जायचे आणि आम्ही त्या बाकड्यावर जेवायचो. आबा गावची बातमी सांगायचे, कोणत्या शेळीला किती करडं झाली ते सांगायचे, आणि मी शाळेतल्या बाईंच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. कधी आमचे हेही दुकानातून यायचे. ते सासऱ्यांना वाकून नमस्कार करायचे आणि आबा जावयापुढं कसं खावं म्हणून संकोचायचे. मग हे चहा प्यायच्या निमित्तानं बाजूला जायचे. कंडक्टरबाईंनीही आपला डबा आमच्यात आणायला सुरुवात केली. त्यांच्या लसणाच्या चटणीपुढं माझी चटणी काहीच नाही, हे आबांनी माझ्यासमोर सांगितलं. मला लेकीच्या संसारात बाप येऊन बसावा एवढंच हवं होतं, आणि ते मला फलाटावर मिळत होतं. मी त्यात खूश होते, अगदी मनापासून.

उन्हं तापायला लागली तशी ऊसतोडीची माणसं परत आली. लग्नसराई सुरू झाली. बाजाराला, दवाखान्याला, बँकेला बाया निघायला लागल्या, त्यांना अर्धं तिकीट. बारावी झालेल्या पोरी कॉलेजची चौकशी करायला येऊ लागल्या. गाडी भरू लागली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तुमच्या गावची गाडी कायम झाली, आणि त्यांनी तोंडावर हसू न आणता विचारलं की आता टेबलावर काही ठेवणार नाही ना. मी त्यांना पेढे दिले. स्टँडवरच्या फळ्यावर आमच्या गावाचं नाव नव्या रंगानं लिहिलं गेलं. मी ते उभी राहून दोनदा वाचलं.

आणि घरी येताना मला एकदम पोकळ वाटलं. गाडी कायम झाली म्हणजे पाळी बंद. पाळी बंद म्हणजे आबा आता कशाला येतील? डबा जाईल, खुशाल जाईल, रोज गावात उतरेल, आबा तो आपल्या ओसरीवर बसून एकटेच खातील, आणि संध्याकाळी डब्यात कडीपत्ता येईल. ज्या गाडीसाठी मी एवढी भांडले तीच आता रिकामी धावावी असं क्षणभर मनात आलं. मी हे ह्यांनाही सांगितलं नाही.

तो आठवडा तसाच गेला. मावशींचा फोन आला नाही. शाळेला सुट्टी लागली होती. मी सकाळी डबा देऊन यायचे आणि बारा वाजले की उगाच ओट्याशी उभी राहायचे. आमच्या गावची गाडी फलाटावर लागल्याचं ऐकू यायचं. आठवड्याच्या शेवटी एका दुपारी असंच ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं दाराची कडी वाजली.

दारात आबा. टोपी घामानं भिजलेली, हातात डबा.

मी विचारलं, आज पाळी कुणाची?

"कुणाचीच न्हाई. गाडी गच्च भरून आली, मी गावापासून उभा हाय." हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की गाडी जणू त्यांच्या मालकीची. मग म्हणाले, "स्टँडवर बाकडं रिकामं न्हाई. समदी आपल्याच गावची माणसं बसलीत."

मी बाजूला झाले. आबांनी पायताण बाहेर काढलं, पाय झाडले आणि आत आले. अंगणात नाही, पायरीवर नाही, आत, आमच्या बैठकीत, भिंतीला टेकून खाली बसले. घर कसं आहे ते इकडं तिकडं बघितलं. डबा पुढं ठेवला आणि रुमाल पसरला. मी ताट आणायला वळणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला, आणि मला वाटलं झालं, आता पिशवीतून बाटली निघणार.

पण त्यांनी पिशवी आणलीच नव्हती.

"डबा माझाच हाय," आबा म्हणाले. "पाणी तेवढं तुझ्या घरचं दे."

मी माठातलं पाणी तांब्यात घेतलं. थोडं फरशीवर सांडलं. आबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटून सगळं प्याले, आणि मोकळा तांब्या पुन्हा भरायला माझ्यापुढं केला.